खेळायला वेळ कुठे आहे?

"ज्याला रिकामा वेळ आहे त्याने खेळावं." हे वाक्य आपल्याकडे किती सहज बोललं जातं, नाही? बोलणाऱ्याच्या मनात असं असतं की आधी वेळ रिकामा होतो आणि मग माणूस त्यात छंद भरतो, डब्यात लाडू भरावेत तसा. मला हे काही पटत नाही. वेळ आपणहून कधीच रिकामा होत नाही. शाळेत होते तेव्हा वाटायचं निवृत्त झाल्यावर मिळेल. निवृत्त होऊन पंधरा वर्षं उलटून गेली, अजून मिळायचाय!

आज व्हिडिओ गेमबद्दल लिहायचं ठरवलंय. नेहमी वाचणाऱ्यांना माझा हा उद्योग माहीत आहे. नवीन आलेल्यांसाठी सांगते: मी चौऱ्याहत्तर वर्षांची, मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई आहे, आणि मी रोज वीस-पंचवीस मिनिटं टॅबवर गेम खेळते. हसून घ्या. मग पुढे वाचा. थोडं लांबणार आहे, चहा घेऊन बसलात तरी चालेल.

लिहायला निमित्त घडलं ते आमच्या वन्संचं. मागच्या महिन्यात त्या आल्या होत्या. जाताना कोणाला तरी फोनवर म्हणाल्या, "दादा असा अंथरुणाला खिळलेला आणि वहिनी खेळत बसते." मी स्वयंपाकघरात होते, ऐकू आलं. वन्सं हे वाचतील हे मला माहीत आहे, आणि त्यांनी वाचावं म्हणूनच लिहितेय. रागाने नाही हो. त्यांचा भाऊ आहे, त्यांना काळजी वाटणारच. पण त्या वाक्याला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण ते एकट्या त्यांचं वाक्य नाही. आपल्या समाजातल्या पुष्कळांचं आहे.

आधी माझा दिवस सांगते. अडीच वर्षांपूर्वी यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून आमच्या घरातलं घड्याळ दोन-दोन तासांचं झालंय. अंथरुणात पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. औषधं आठला, दोनला, चारला आणि रात्री नऊला. साडेआठला मदतनीस मावशी येतात, आम्ही दोघी मिळून अंघोळ घालतो. आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करून घेणारे येतात. जेवण भरवायला पाऊण तास, घाई केली तर ठसका लागतो. या सगळ्याच्या मधे मधे जे तुकडे उरतात ते माझे. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. पण तो तुकडाही अखंड राहील याची खात्री नाही, कारण आतून हाक आली की उठायचं.

आता या तुकड्यांत काय बसतं ते बघा. कादंबरी बसत नाही. वाचन मला प्राणाहून प्रिय आहे आणि आजही रात्री चार पानं वाचते, पण कादंबरीचा धागा दर वीस मिनिटांनी तुटला की परत जोडण्यातच दहा मिनिटं जातात. विणकाम बसलं असतं, पण बोटं आखडतात. मालिका लावल्या तर त्या त्यांच्या वेळेला लागतात, माझ्या नाही. आणि हाक आली तर मालिका काही माझ्यासाठी थांबत नाही.

गेम थांबतो. माझ्या दृष्टीने सगळा मुद्दा या दोन शब्दांत आहे.

तुम्हाला एक गंमत सांगते. हातात मावणाऱ्या गेमचा जन्मच मुळी तुटपुंज्या वेळेतून झालाय. जपानमध्ये निन्टेंडो कंपनीत गुनपेई योकोई नावाचे एक कल्पक गृहस्थ होते. ते बुलेट ट्रेनने चालले असताना शेजारचा एक नोकरदार माणूस कंटाळून खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. त्यावरून त्यांना सुचलं की प्रवासात वेळ घालवायला असाच छोटासा खेळ करता येईल. १९८० साली तो खेळ बाजारात आला. नाव काय, तर 'गेम अँड वॉच'. एकाच डबीत खेळ आणि घड्याळ! मला हे नाव फार आवडतं. खेळणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घड्याळ ठेवणारा खेळ. पुढे १९८९ मध्ये त्याच कंपनीचा 'गेम बॉय' आला आणि त्याच्याबरोबर बऱ्याच देशांत 'टेट्रिस' मिळायचा. मॉस्कोतल्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली केलेला. वरून ठोकळे पडतात, ते नीट बसवायचे, ओळ भरली की नाहीशी होते, डोक्यापर्यंत ढीग लागला की संपलं. सुरुवातीला तर पाचच मिनिटांत संपतो.

आमच्या स्टाफरूममध्येही हे होतंच की. २००२-०३ च्या सुमारास नोकियाचे फोन आले आणि ऑफ तासाला वह्या तपासता तपासता भली भली मंडळी साप खेळायची. तो साप नोकियाच्या फोनवर पहिल्यांदा आला १९९७ साली. दहा मिनिटांच्या मधल्या सुट्टीत दोन डाव व्हायचे. कोणी त्याला व्यसन म्हणत नव्हतं. चहासारखंच ते.

मी सध्या जो खेळते त्याचं नाव 'स्टारड्यू व्हॅली'. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बसून तो केला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, गोष्ट त्याची. २०१६ साली आला आणि जगभर कोट्यवधी लोकांनी घेतला. गोष्ट साधी आहे. आजोबांनी मागे ठेवलेली शेती नातू कसायला येतो. दगडधोंडे काढायचे, पेरायचं, रोज पाणी घालायचं, नदीवर मासे धरायचे, गावातल्या लोकांशी दोन शब्द बोलायचे. चार ऋतू, प्रत्येक अठ्ठावीस दिवसांचा.

यातला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा असतो. रात्री झोपायला गेलं की तो दिवस जतन होतो. चौदा मिनिटं! म्हणजे माझ्या तुकड्यात एक अख्खा दिवस बसतो, सकाळपासून रात्रीपर्यंत. आणि मधेच हाक आली तर यादीचं बटण दाबायचं, तिथला सूर्य आहे तिथे थांबतो. मी यांची कूस बदलून, पाणी पाजून परत येते तेव्हा कोंबड्या होत्या तिथेच उभ्या असतात. माझ्या दिवसात मी थांब म्हटल्यावर थांबणारी ही एकच गोष्ट आहे.

भाषा इंग्रजी आहे. मराठी नाही, हिंदीही नाही. पहिले काही दिवस शब्दकोश शेजारी घेऊन बसत होते. 'पार्सनिप' म्हणजे गाजराच्या कुळातलं एक पांढरं कंदमूळ, हे मला या वयात कळलं. ते चार दिवसांत येतं, भोपळ्याला तेरा दिवस लागतात. यांची पाठ उशीवर टेकवून बसवलं की हेही बघतात. बोलणं अजून स्पष्ट नाही, पण "भोपळा?" एवढं मात्र नीट येतं. अजून आला का, असं विचारायचं असतं त्यांना. मला सांगा वन्सं, यात त्यांच्याकडे दुर्लक्ष कुठे झालं?

असो. माझं झालं. पण हा विषय माझ्यापुरता नाही. नोकरी करणारी, लहान मुलं असलेली, लोकलमध्ये दोन-दोन तास घालवणारी कितीतरी माणसं रात्री साडेदहाला अर्धा तास गेम खेळतात आणि चोरी केल्यासारखी खेळतात. त्यांच्या बाजूने चार शब्द बोलायचे आहेत.

मला वाटतं, गेम चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. विचारायचं ते हे की हा गेम कोणाच्या घड्याळावर चालतो? या कसोटीवर मी त्यांचे चार वर्ग पाडते. (मास्तरीण आहे, वर्ग पाडल्याशिवाय चैन पडत नाही!)

पहिला वर्ग, तुमच्या घड्याळावर चालणारे. थांबवा म्हटलं की थांबतात, आठवडाभर उघडले नाहीत तरी रुसत नाहीत. स्टारड्यू त्यातला.

दुसरा वर्ग, स्वतःहून संपणारे. 'वर्डल' घ्या. जॉश वॉर्डल यांनी तो शब्दांचा खेळ आपल्या जोडीदारासाठी केला आणि २०२१ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. दिवसाला एक कोडं, सहा प्रयत्न, संपलं. आणखी हवं असेल तर उद्या या. लोकांना तो आवडला त्यात या मर्यादेचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे. पाच मिनिटांत पूर्ण झाल्याचं समाधान, आणि अपुरेपणाची हुरहुर नाही.

तिसरा वर्ग, इतरांच्या घड्याळावर चालणारे. शंभर जण एकाच वेळी मैदानात उतरतात तसले. इथे तमाम आयांना एक गोष्ट सांगायची आहे. पोरगा जेव्हा म्हणतो, "आई, थांब ना, हा पॉज होत नाही," तेव्हा तो खरं बोलत असतो! पलीकडे खरी माणसं खेळत असतात. क्रिकेटच्या मॅचमधून मधेच उठून आलो तर सवंगडी चिडतात, तसंच हे. म्हणून त्याला जेवायला हाक मारायच्या आधी विचारावं, किती वेळ राहिला? आणि त्यानेही जेवणाला दहा मिनिटं उरली असताना नवीन डाव मांडू नये. ज्याच्या घरात तान्हं मूल आहे किंवा आजारी माणूस आहे त्याने या वर्गापासून सध्या लांबच राहावं. खेळ वाईट म्हणून नव्हे, आपला वेळ आपल्या हातात नाही म्हणून.

आणि चौथा वर्ग, तुम्हालाच आपल्या घड्याळावर चालवणारे. 'कँडी क्रश' २०१२ साली आला तो पाहा. पाच जीव मिळतात, हरलात की एक जातो, आणि गेलेला एक जीव परत यायला अर्धा तास लागतो. म्हणजे अर्ध्या तासाने तुम्ही परत डोकावणार हे ठरलेलं! नाहीतर पैसे देऊन जीव विकत घ्या. काही खेळ रोज हजेरी लावली तर बक्षीस देतात आणि एक दिवस चुकला की साखळी तोडतात. मी पस्तीस वर्षं हजेरी घेतली आहे. हजेरी कशासाठी घेतात हे मला कोणी शिकवू नये. जिथे हजेरी लागते ती शाळा किंवा नोकरी, छंदाला हजेरी नसते. ज्यांच्याकडे वेळ थोडा आहे त्यांनी या वर्गापासून सगळ्यात जास्त सावध राहायला हवं, कारण हे खेळ वेळ मागतानाही तुकड्यातुकड्यांनीच मागतात. पाच पाच मिनिटं करत दिवस जातो आणि खेळल्याचा आनंदही पदरात पडत नाही.

आता दुसरा मुद्दा, 'पोर्शन पूर्ण करणे'.

माझा मुलगा बंगळूरला असतो. सेल लागला की गेम घेतो. दीडशेच्या वर साठलेत म्हणतो, आणि त्यातले निम्मे उघडलेलेही नाहीत. मागे एकदा कुरकुरत होता, "आई, हे सगळं कधी संपवणार गं?" मी म्हटलं, अरे, परीक्षा कधी आहे तुझी? आपल्या घरात न वाचलेले दिवाळी अंक किती पडलेत ते बघ. त्यांच्यासाठी आपण झोप घालवतो का?

हिशोब करून बघू. 'विचर ३' नावाचा २०१५ चा एक गाजलेला गेम आहे. नुसती मुख्य गोष्ट संपवायला पन्नासेक तास लागतात. रोज अर्धा तास खेळणाऱ्याला शंभर दिवस झाले. रोज जमलं तर! रविवारीच जमणाऱ्याला एक-एक तास धरला तरी वर्ष लागेल. काही हरकत नाही, वर्ष लागू दे. गणपतीत सुरू केलेली गोष्ट पुढच्या गणपतीत संपेल. पण असे दहा गेम एकदम सुरू केले तर दहाही अर्धवट राहतील आणि कामाच्या यादीत आणखी एका ओझ्याची भर पडेल. म्हणून माझा सल्ला असा की एका वेळी एकच खेळ. तो आवडेनासा झाला तर निर्धास्त सोडून द्यावा. मधेच सोडलेल्या पुस्तकाबद्दल लेखक घरी येऊन जाब विचारत नाही.

आणि छोटे गेमही असतात की. 'अ शॉर्ट हाइक' नावाचा २०१९ चा एक आहे, एक पाखरू डोंगर चढून जातं, दीड-दोन तासांत गोष्ट पूर्ण. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० मध्ये 'राजी' आणला. प्राचीन भारतातली राजी नावाची मुलगी आपल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. पाच-सहा तासांचा आहे. त्यातली हाणामारी माझ्या बोटांना झेपत नाही, म्हणून मुलगा आला की तो खेळतो आणि मी शेजारी बसून महाल आणि भिंतीवरची चित्रं बघते. पुण्यात बसून कोणीतरी हे केलं याचं कौतुक वाटतं.

व्यसनाचं काय, असं विचाराल. विचारायलाच हवं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आहे, ती यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्यात काय म्हटलंय ते नीट पाहावं. अमुक तास खेळलं की आजार, असं तिथे नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळालाच महत्त्व देणं, नुकसान होतंय हे दिसूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारणपणे वर्षभर दिसणं, असं ते आहे. अर्ध्या तासाने टॅब खाली ठेवून दूध तापवायला उठणारं माणूस त्यात बसत नाही. आणि पैसे लावून खेळायचे जे ऑनलाइन खेळ होते, ते चालवण्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, ते योग्यच झालं. तो जुगार होता. त्याला आणि कोंबड्या पाळण्याच्या खेळाला एकाच दावणीला बांधू नये.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मनातला खरा हाच. वन्संनी "खेळत बसते" म्हटलं. "वाचत बसते" म्हटलं असतं का? "जप करत बसते" म्हटलं असतं का? दुखलं ते 'खेळते' या शब्दाने.

आपल्याकडे बाईच्या खेळण्याला नेहमी कुठला तरी परवाना लागत आला. मंगळागौर म्हणून श्रावणात रात्रभर फुगड्या, झिम्मा, पिंगा. हस्त नक्षत्र लागलं म्हणून भोंडला. देवाचं निमित्त आणि पंचांगातली तारीख असली की बाईने खुशाल खेळावं, उरलेलं वर्षभर तिने कामात असावं. माझी आजी दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर मागच्या पडवीत सागरगोटे खेळायची. पुढे कोणी पुरुष आला की पटकन ओच्यात लपवायची. त्याच वेळी पुढच्या ओसरीवर पुरुषांचा पत्त्यांचा डाव तीन-तीन तास रंगायचा आणि त्यांना आतून चहा जायचा. ते लपवणं मी लहानपणी पाहिलंय, म्हणून मी टॅब लपवत नाही. कोणी आलं तरी समोर टेबलावर असतो.

घरात दुखणं आहे म्हणून सांभाळणाऱ्याने चोवीस तास दुःखी चेहऱ्याने बसावं, ही अपेक्षा त्या दुखणेकऱ्यालाही जड जाते. हे स्वतःच कधी कधी डाव्या हाताने टॅबकडे बोट दाखवतात, की घे. अडीच वर्षं झाली, आणखी किती ते देवाला माहीत. एवढ्या लांबच्या वाटेवर माणसाला दिवसातून वीस मिनिटं बसायला एक दगड लागतो. कोणाचा तो दगड देवघरात असेल, कोणाचा गच्चीवरच्या कुंड्यांत. माझा स्टारड्यूच्या शेतात आहे.

तुमच्यापैकी कोणी खेळत असाल तर काय खेळता, कधी खेळता, ते जरूर लिहा. विशेषतः चाळिशी-पन्नाशीच्या बायकांनी, नाव न घालता लिहिलंत तरी चालेल. आणि वन्सं, दिवाळीला याल तेव्हा दोन दिवस जास्तच राहा. दुपारी दादाजवळ तुम्ही बसा, मी तुम्हाला मासे धरायला शिकवते. फार अवघड नाही.

चार वाजत आले. यांचं औषध द्यायचंय. थांबते.